बाभळीचा वाटा

या वर्षी कापसाची पऱ्हाटी उशिरा फुटली, पण फुटली ती एकदमच. सकाळी ओसरीवर बसलो की समोरचं वावर पांढरं दिसतं. डोळे अधू झाले असले तरी ते पांढरं मला चुकत नाही. ऐंशी ओलांडली. दात गेले, गुडघे गेले, डावा कान गेला. तो गेला ते एका परीनं बरंच झालं, कारण सून डावीकडून बोलते. नाक मात्र शाबूत आहे. उन्हं वर आली की उमललेल्या बोंडांचा कोरडा, किंचित तुरट वास येतो. त्या वासाबरोबर मी ऐंशीचा राहत नाही, विशीचा होतो आणि मला झोप येते.

झोप का येते, ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसलो आहे.

नातू वामन अमरावतीहून आला आहे. राजापेठेत खोली घेऊन राहतो, शाळेत शिकवतो आणि उरलेल्या वेळात वर्तमानपत्रं वाचतो. काल जेवताना त्यानं साम्यवाद काढला. रशियात म्हणे जमीन सगळ्यांची करायला निघालेत. कष्ट सगळ्यांनी करायचे, पीक सगळ्यांनी वाटून घ्यायचं, मालक कुणीच नाही. वामन बोलत होता तेव्हा त्याच्या हातातली भाकर तशीच राहिली होती. त्याच्या बापानं, म्हणजे माझ्या पोरानं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ठेच्याला बोट लावत विचारलं, "मंग काम कोन करन? आयतं भेटलं त सारे बाभळीखाली झोपतीन. त्याईले बाभळीचा वाटा देजो म्हना!"

सगळे हसले, मीही हसलो. आमच्या गावात कामचुकाराला 'तुले बाभळीचा वाटा भेटन' असं म्हणतात. आसपासच्या दोनचार गावांतही म्हणतात. पण ही म्हण कुणावरून पडली, हे माझ्या पोराला ठाऊक नव्हतं. साठ वर्षं मी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं.

ती माझ्यावरून पडली.

साठ वर्षांपूर्वीचा तो कापसाचा हंगाम. सात समुद्रांपलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती. कोण कुणाशी का लढतंय याचा आम्हाला पत्ता नव्हता, पण त्यांच्याकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आमच्याकडचा पुरेना, एवढं कळत होतं. असतील शिते तर जमतील भुते. कधी न दिसणारे व्यापारी थेट वावरात येऊन बोंडं चाचपू लागले. आगगाडी अजून मूर्तिजापूरला यायची होती, म्हणून खामगावच्या कापूसबाजाराच्या वाटेवर रात्रंदिवस गाड्यांच्या घुंगरांचा आवाज असे. लोकांनी जुन्या गाद्या उसवून त्यातला कापूस विकला आणि ती थंडी घोंगड्यावर काढली. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या. आमच्या शेजारच्या माळ्यानं वांग्यांचा वाफा मोडून तिथं सरकी टोचली आणि मग गावभर वांगी शोधत हिंडला.

त्या वर्षी सगळं होतं, फक्त ज्वारी नव्हती. जो तो कापूस पेरून मोकळा झाला होता, त्यामुळे ज्वारी अशी महागली की भाकरी मोजून थापायची वेळ आली.

आमची पाच घरांची सावड होती. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझं वावर वेचायचं, उद्या माझं. दिवस मावळायच्या आधी सगळ्यांनी आपापल्या ओट्यातला कापूस एका ढिगावर ओतायचा. ओटा म्हणजे पोटाशी बांधलेली कापडाची झोळी. त्या ढिगातून वावराच्या मालकानं वेचणाऱ्यांचा म्हणून एक भाग बाजूला काढायचा आणि जेवढी माणसं तेवढे त्याचे सारखे वाटे पाडायचे. किती वेचलं हे कुणी विचारायचं नाही. जो आला त्याला वाटा. वाटे पाडायचं काम सावडीतल्या सगळ्यांत थोरल्या तुळशीरामआजाचं. रीत अशी की पाडणाऱ्यानं आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा. त्यामुळे आजाचे वाटे डोळ्यांत तेल घालून पाडलेले असत.

या रितीत माझ्यासारख्याचं फार छान भागत होतं. सकाळी सगळ्यांबरोबर निघायचं, दोन ओळी वेचायच्या, पायात काटा मोडला म्हणून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायचं. पाचही वावरांच्या मधल्या त्या धुऱ्यावर एक बाभूळ होती. तिची सावली विरळ, पण मार्गशीर्षातल्या उन्हाला तेवढी पुरते. मी तिच्या खोडाला पाठ टेकवायचो, कापसाचा तो वास यायचा आणि डोळा लागायचा. ऊन कलताना उठून अर्धा ओटा ढिगावर ओतायचा आणि पूर्ण वाटा घेऊन घरी यायचं. दे रे हरी पलंगावरी. त्याची लाज वाटायची का, असं कुणी विचारलं तर खरं सांगतो, वाटत नव्हती. वाटा माझा हक्काचाच आहे असं वाटायचं. दुसऱ्याच्या घामावरचा हक्क फार लवकर अंगवळणी पडतो.

वेचणाऱ्यांत माझी गंगूआत्या होती. वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली, पण भावाच्या घरात राहिली नाही. आमच्या गोठ्याला लागून असलेल्या एका खोलीत तिनं स्वतःची चूल मांडली होती. गुडघे धरलेले असत. सकाळच्या गारठ्यात तिला उठताच येत नसे, त्यामुळे ती उन्हं वर आल्यावर काठी टेकत वावरात यायची आणि एकेक बोंड असं वेचायची की जणू त्याला दुखेल. तिच्या ओट्यात पाल्याचा कण सापडत नसे. पण ओटा भरायला तिला अख्खा दिवस लागे. हंगामभराच्या वाट्यांवर ती वर्षाची ज्वारी घ्यायची आणि त्या ज्वारीवर तिची चूल पेटायची. वडील म्हणायचे, "अक्का, आमच्यातच जेवत जा ना वं." ती म्हणायची, "भावाची भाकर गोड लागते रे बापू, पन ते वाढलेली असते. मले माह्या हातानं घेतलेली पायजे."

त्या वर्षी कापूस सोन्याचा झाला आणि सारख्या वाट्यांकडे लोक डोळे बारीक करून पाहू लागले. भागीकाकूनं तोंड फोडलं. ही सावडीतल्याच एका घरची, वयानं चाळिशीची, हातानं वीज आणि जिभेनंही. तिच्यासारखं वेचणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. एका संध्याकाळी वाटे पडले आणि ती आपल्या वाट्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आजा, मी दिवसाचे चार ओटे भरतो. हा," तिनं माझ्याकडे हात केला, "याचा ओटा भरलेला पायला का कोनी कवा? तरी याचा वाटा आन माहा वाटा सारखाच? काहून?"

आजानं वाट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती बोलत होती ते खरंच होतं. कुणीतरी म्हणालं, काटा आणा, ज्यानं जेवढं वेचलं तेवढं तोला आणि त्या मानानं वाटा द्या. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी माझ्याकडे पाहून हलवली, पण गंगूआत्याकडे कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं. ती आपल्या वाट्यातला कापूस पदरात भरत होती आणि तिचे हात मध्येच थांबले होते. काट्यावर तिचा वाटा मूठभर होणार होता. मूठभर वाट्यात वर्षाची ज्वारी येत नाही. म्हणजे चूल विझवून तिला आमच्या पंगतीला येऊन बसावं लागणार होतं.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "भागी खोटं नाही बोलली." मग आपल्या खोलीत गेली आणि नेहमीपेक्षा लहान भाकर केली.

दुसऱ्या दिवशी काटा आला. बाभळीच्याच फांदीला टांगला, तीही तशी कामाला लागली म्हणायची. आणि वामनच्या बापाची बाजू सांगायची तर हेही लिहायलाच हवं की त्या दिवसापासून मी झोपलो नाही. कंबर दुखेपर्यंत वेचलं. बोटं बोंडांच्या टोकांनी फाटली. चारचौघांसमोर आपला ओटा काट्यावर चढतो आणि पारडं खाली जातं, तेव्हा काय बरं वाटतं! सारख्या वाट्यानं मला आळशी केलं होतं आणि काट्यानं कामाला लावलं, हे खोटं कशाला सांगू?

पण आळशी माणूस कामाला लागला तरी त्याचं डोकं आळशाचंच राहतं. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की पहाटे बोंडांवर दहिवर असतं. दहिवरात भिजलेला कापूस जड असतो. उन्हं वर आल्यावर दोन ओटे वेचून जेवढं वजन भरतं तेवढं पहाटे दीड ओट्यातच भरतं. मी सगळ्यांच्या आधी वावरात जाऊ लागलो. आई कौतुकानं म्हणाली, पोरगं सुधारलं! दोन दिवसांत इतरांनाही कळलं, कारण चोराच्या मनात चांदणं असलं तरी शेजारच्या चोरालाही ते दिसतं. मग सगळेच अंधार असताना निघू लागले. भागीकाकूही. गारठलेल्या बोटांनी सटासट वेचायचं, त्यात पाला आला तर येऊ द्यायचा, पाल्यालाही वजन असतंच. आमच्या वावरात, आजाच्या वावरात, सगळीकडे असंच चाललं. थोडा थोडा माल होता आणि व्यापारी घाईत होते म्हणून तो खपून गेला. एकटी गंगूआत्या आपल्या वेळेला, उन्हं चढल्यावर, काठी टेकत यायची. काट्यावर तिचा ओटा ठेवला की पारडं हलायचंही नाही.

मग भागीकाकूच्या वावराची पाळी आली.

ते सावडीतलं सगळ्यात मोठं वावर. पहाटे आम्ही पोचलो तर काकू धुऱ्यावर हात पसरून उभी. "थांबा ना रे! दहिवर त उतरू द्या! भिजून राहिला ना माहा कापूस!" आदल्या दिवशी आजाच्या वावरात हीच बाई सगळ्यांच्या पुढे होती. कुणीतरी हसलं. कुणी थांबलं नाही, मी तर नाहीच. चार दिवस आम्ही तिचं वावर असंच वेचलं आणि ओला कापूस तिच्या घरात छपरापर्यंत रचला. आत्याचा तेवढा, कोरडा आणि उशिरा येणारा म्हणून, एका टोपल्यात कोपऱ्यात पडला होता.

सहाव्या दिवशी खामगावचा व्यापारी आला. त्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. ढीग आतून तापला होता. वरचा थर बाजूला केला तेव्हा वाफ आली आणि खाली सगळा कापूस पिवळा पडलेला. कुबट वास सुटला. त्यानं टोपल्यातला कापूस बोटांत धरून लांबवला, उजेडात पाहिला. "ये किसका है? ऐसा दो, जितना है उतना लेता." मग घोड्यावर बसला आणि पुढच्या गावाला गेला.

भागीकाकू रडेल असं आम्हाला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं सगळा ढीग अंगणात ओढला आणि उन्हात पसरायला लागली. थोड्या वेळानं काठीचा आवाज आला. गंगूआत्या आली होती. ती खाली बसली आणि पिवळ्यातून पांढरा वेगळा करू लागली, एकेक बोंड. काकू म्हणाली, "अक्का, तू नोको करू. तुह्यावर काहून पाळी?" आत्या म्हणाली, "सावड हाये ना आपली." मग एकेक करून सगळे आले. मी शेवटी गेलो. माझ्या हातून एवढं झालं हे मला ठाऊक होतं आणि इतरांनाही. निम्मा कापूस वाचला. उरलेला पडत्या भावात गेला.

तीन दिवसांनी पुन्हा वेचणी सुरू झाली. उन्हं वर आल्यावर. भागीकाकूनं फांदीवरचा काटा सोडला आणि तुळशीरामआजाच्या पायाशी ठेवला.

"आजा, वाटे पाड. सारखे. अक्काचा बी आमच्याएवढाच."

"आन जो काम नाही करत त्याचा?" आजानं विचारलं. तो कोण, ते विचारायची गरज नव्हती.

काकूनं माझ्याकडे पाहिलं. "ज्याच्यानं होत नाही त्याले पुरा वाटा. ज्याले करायचं नाही, बाभळीखाली झोपायचं हाये, त्याचा वाटा बाभळीले."

तुम्हाला वाटेल, मी त्या दिवशी मान खाली घालून वेचलं असेल. छे! दुपारी भाकर खाल्ली, वास आला आणि जुनी सवय म्हणून मी बाभळीला टेकलो. जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. माणसं घराकडे निघाली होती आणि माझ्या पायाशी, बाभळीच्या मुळांत, एक नीट पाडलेला वाटा ठेवला होता. बरोबर इतरांएवढाच. तो माझा नव्हता, बाभळीचा होता. मी हात लावला नाही. रस्त्यानं जाणारा येणारा विचारायचा, हा कोनाचा? आणि कुणीतरी सांगायचं. आठवडाभर तो तिथं होता. चिमण्यांनी घरट्यांसाठी नेला, थोडा वाऱ्यानं गेला. त्या आठवड्यात मी जेवढं वेचलं तेवढं जन्मात वेचलं नव्हतं. दहिवर उतरल्यावर.

उरलेला आत्यानं गोळा करून नेला आणि त्याच्या वाती वळल्या. रोज संध्याकाळी देवापुढे लावायची. मी ओशाळून म्हणालो, आत्या, त्या कापसाच्या कशाला? ती म्हणाली, "देवाले काय रे, थो त सगळ्याईच्याच वाती जाळते."

तिची चूल त्या वर्षी पेटती राहिली. त्यानंतर नऊ वर्षं. शेवटपर्यंत तिनं स्वतःच्या हातानं घेतलेली भाकर खाल्ली. मी मात्र दोन वर्षांत सावड सोडून गावच्या शाळेत मास्तर झालो. बसून करायचं काम होतं.

काल जेवताना मी वामनचंही ऐकलं आणि त्याच्या बापाचंही. बापलेक दोघेही बरोबर आहेत असं वाटलं. आयतं मिळालं की माणूस झोपतो, मी झोपलो होतो. मोजूनच मिळणार म्हटलं की तो दहिवर तोलायला लागतो, तेही मीच सुरू केलं होतं. दोन्हीकडचा साक्षीदार एकच आणि तो असा. रशियातल्या लोकांकडे भागीकाकू आहे का, एवढं मात्र वामनला विचारायला हवं होतं.

म्हणून आज सकाळी त्याला म्हटलं, चल, वावरात ने मला. त्यानं आणि माझ्या पोरानं मला बैलगाडीतून नेलं. ती बाभूळ केव्हाच गेली, पण तिच्या जागी तिचंच कुठलं तरी लेकरू उभं आहे. तिच्याखाली घोंगडं टाकून मला बसवलं. बाया वेचत होत्या. वामनही वेचायला उतरला आणि दुपारपर्यंत अर्धा ओटा भरला. समतेवर मात्र पूर्ण बोलला. मी बायांनी आणून ओतलेल्या कापसातला पाला निवडत बसलो. हे काम बोटांना जमतं. वास येत होता, डोळे जड होत होते, पण झोपलो नाही.

ऊन कललं तेव्हा भागीकाकूची नात सखू म्हणाली, "आजा, तुमी पाडा ना वाटे." आमच्याकडे ती रीत अजून आहे. मी माणसं मोजली, बारा. बारा वाटे पाडले, डोळ्यांत तेल घालून. एकेक करून सगळ्यांनी उचलले. वामननं आपला उचलला तेव्हा त्याचा चेहरा जरा पडला होता, अर्धा ओटा आठवला असावा. पाडणाऱ्यानं शेवटी उचलायचा, पण शेवटी काहीच उरलं नव्हतं. मी मला मोजलंच नव्हतं.

सखूनं मोकळी जागा पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या वाट्यातला एक पसा घेऊन बाभळीच्या मुळाशी ठेवला. मग दुसरीनं ठेवला. मग तिसरीनं. वामननंही.

"घ्या आजा," सखू हसून म्हणाली, "बाभळीचा वाटा."

माझं पोरगं तोंड उघडं टाकून पाहत होतं. माझ्या कानशिलांना ऊन लागावं तसं झालं. "तुले कोनं सांगतलं गं?"

"आजीनं. गावात साऱ्याईलेच मालूम हाये, तुमच्या घरचे सोडून."

साठ वर्षं लपवलं म्हणतो मी! मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, ते लपवायला आता वेळ नव्हता. म्हणालो, "पन पोरी, आज मी झोपलो नव्हतो."

"म्हनून त वाटा मोठा हाये," ती म्हणाली.

मी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि पोटाशी बांधून त्याचा ओटा केला. वामननं तो वाटा पसापसानं त्यात भरला. कोरड्या कापसानं माझा ओटा भरलेला आज सगळ्यांनी पाहिला.